बाळंतपणाला बाप

पहिलं बाळंतपण माहेरचं, याबद्दल बाबासोला तिळमात्र शंका नव्हती. शंका बाकीच्यांना होती. कारण लेक निशा राहायला फिनलंडात, दिवस भरणार ऐन जानेवारीत, आणि जिनं हौसेनं बाळंतपण करायचं ती आई, सोनूबाई, २००२ सालीच वारलेली. जावई प्रसेनजीत भला माणूस, पण त्यालाही आई नव्हती. दिवस भरत आल्यावर विमानात बसू नको, असं डॉक्टरनं निशाला बजावलं होतं. मग उरला कोण, तर शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहून रिटायर झालेला बाबासो. त्यानं ठरवून टाकलं, लेक माहेरी येत नाही तर माहेरानंच तिकडं जायचं.

गल्लीला हसायला आयतं निमित्त मिळालं. फौंड्रीतला जुना सोबती जोतीराम तर पोट धरून हसला. "बाप्या माणूस तू, बाळंतपण करणार? आन् तिथली थंडी! नाक गळून पडंल की लेका."

"पडू दे. पोराला न्हाऊ घालायला नाक लागत न्हाय," म्हणून बाबासो तरातरा बयाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

गल्लीतली निम्मी पोरं या बयाबाईच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. तिनं आधी त्याला हाकलून लावलं. पण बाबासो रोज जाऊन बसायला लागला तेव्हा बिचारीनं हात टेकले. लाडवाला डिंक कसा तळायचा, अळिवाची खीर किती घट्ट ठेवायची, टाळूवर तेल कसं जिरवायचं, सगळं तो शिकला. पहिले लाडू असे झाले, की बयाबाई म्हणाली, "ह्ये राहू दे, खिळं ठोकायला व्हतील." बाबासोनं निमूट पुन्हा गूळ चिरायला घेतला.

बयाबाईच्या सुनेला नुकताच मुलगा झाला होता. एके सकाळी बयाबाईनं बाळाच्या अंघोळीचं कढत पाणी बाबासोला गार घालून विसणायला सांगितलं. त्यानं बादलीत हात घातला, हलवला आणि "झालं की कोमट," म्हणाला. बयाबाईनं बोटं बुडवली आणि चटका बसून मागं ओढली.

"आरं ए बाबासो! पोर भाजलं असतं की माझं!"

बाबासोला विश्वासच बसेना. त्यानं पुन्हा हात घातला. पाणी त्याला खरोखरच कोमट लागत होतं. गरम ओतीव माल उचलून उचलून तळव्यांची कातडी मेली होती, आणि हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तो मटकन पायरीवर बसला. थंडीला न भिणारा माणूस त्या बादलीला भ्यायला. आपल्याच नातवाला आपण भाजून काढलं असतं, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

बयाबाईला त्याची कीव आली. "हाताला कळत न्हाय, तर कोपर बुडव. सगळ्या बाया कोपरच बुडवून बघत्यात. ऊठ, बसून काय हुतंय?"

बाबासो उठला. पुढचे कितीतरी दिवस तो पाण्यात कोपर घालायचा आणि बयाबाईला विचारायचा. ती "व्हय" म्हणाली तरी खात्रीसाठी आणखी एकदा विचारून तिचं डोकं खायचा. अखेर ती म्हणाली, "जा आता. माझ्यापरीस बरं न्हाऊ घालशील."

व्हिसा आला, जाडजूड कोट आला, आणि पाठोपाठ एका रविवारी निशाचा फोन आला.

"बाबा, तुमी येऊ नगा. बाहेर पाऊल टाकवत न्हाय इथं. दवाखान्यातली लोकं समदं करत्यात. तुमाला झेपायचं न्हाय, उन्हाळ्यात या."

बाबासो भडकला. "मला झेपतंय का न्हाय ते मी बघतो. तू एकच सांग. आय गेली म्हणून तुझं म्हायेर बी गेलं व्हय?"

पलीकडून हुंदका आला.

"बाबा, मला लई भ्या वाटतंय वो," निशा म्हणाली. "मला आय पायजे."

बाबासोनं खुंटीवरचा नवा कोट खाली काढला.

"आय न्हाय आता, पोरी," तो म्हणाला. "मी हाय. आलोच."