बोईसरचा उक्रोप

प्रफुल्ल वाघुळदे यांची उभी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर सांभाळण्यात गेली. त्यामुळे सूप म्हणजे पाणी तापवायचं आणि लक्ष ठेवायचं, एवढंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. घरात त्यांनी आजवर चहाशिवाय काही केलं नव्हतं आणि तो चहाही त्यांनाच तेवढा आवडायचा.

पण आता अगदी गळ्याशी आलं होतं. त्यांची एकुलती लेक मेघाली रशियातून डॉक्टरकी शिकून बोईसरजवळच्या सरावलीच्या घरी परतली होती आणि इथली परवान्याची परीक्षा दुसऱ्यांदा नापास झाली होती. तेव्हापासून ती खोलीबाहेर येत नव्हती. आईने, म्हणजे जागृतीबाईंनी, भरीत केलं, पुरणपोळी केली. ताट जवळजवळ तसंच परत यायचं. तिला रशियाला पाठवण्याचा हट्ट प्रफुल्लरावांचा. पोरगी आता आपल्याशी कधीच नीट बोलणार नाही, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. आणि धास्ती बसली की ते हमखास काहीतरी उद्योग काढत.

या वेळचा उद्योग सुपाचा होता. तिकडे मेघाली रोझाआजी नावाच्या एका म्हाताऱ्या ज्यू बाईंच्या घरी भाड्याने राहायची. पेपर वाईट गेला की आजी तिला कोंबडीचं सूप करून घालायच्या, त्यात मऊ मऊ गोळे सोडलेले. फोनवर त्या सुपाचं इतकं कौतुक चालायचं की जागृतीबाई फुरंगटून बसत. तेच सूप करायचं ठरवून प्रफुल्लरावांनी मोबाईलवर व्हिडिओ शोधला. 'अगदी सोपं आहे,' असं त्यातली बाई हसत हसत सांगत होती. खरं तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

गोळ्यांना मात्सा लागतो, म्हणजे ज्यू लोकांची बिनखमिराची कडक पोळी. ती बोईसरला कुठून मिळणार? पण तसाच दिसणारा खाकरा गुजराती दुकानात हवा तेवढा होता. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन त्यांनी दोन पाकिटं उचलली. तो मेथीचा खाकरा आहे, हे मिक्सरमधून हिरवट चुरा निघाल्यावर कळलं.

सुपावर भुरभुरायला 'उक्रोप' नावाचा पाला हवा होता. मेघालीच्या तोंडी हे नाव सारखं असायचं. प्रफुल्लराव बाजारात भाजीवाल्या नवसीसमोर फोन धरून उभे राहिले.

"उक्रोप आहे का?"

"या नावाची भाजी आमच्याकडं नाय, साहेब. शेपू हाय, ताजी. देऊ?"

"शेपूचं नावसुद्धा काढू नकोस!"

शेपूशी त्यांचं जन्माचं वैर. लग्नानंतर जागृतीबाईंनी एकदाच शेपूची भाजी केली, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले होते. त्या घरात पुन्हा शेपू शिजला नाही.

ते हात हलवत घरी आले. जागृतीबाईंनी फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि ओट्याला धरून हसत सुटल्या. "अहो, हा शेपूच की! लेक इतकी वर्षं तिकडे शेपू खात होती, आणि तुम्ही इथे त्याला घरात पाऊल टाकू देत नव्हतात!"

प्रफुल्लराव मुकाट्याने पुन्हा बाजारात गेले. नवसीने जुडी दिली आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.

गोळे शिजताना झाकण उघडू नका, असं व्हिडिओत बजावलं होतं. पण झाकणाखाली काय चाललंय हे पाहिल्याशिवाय बॉयलरवाल्याला चैन पडेना. त्यांनी झाकण उचललं की फुगलेले गोळे बसत. अर्धे विरघळले, अर्धे तळाशी जाऊन बसले. बॉयलर आपल्या हाती असूनही कंपनी अजून उभी कशी राहिली, याचं त्यांना आता खरोखर नवल वाटू लागलं. एक गोळा झाऱ्यावरून निसटला आणि ठक्कन फरशीवर आपटला. फुटला मात्र नाही.

"काय पडलं?" मेघाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काही नाही. सूप."

तिने वास घेतला. "उक्रोप? पप्पा, तुम्ही? चव बघितलीत?"

आता माघार घ्यायची सोय नव्हती. प्रफुल्लरावांनी शेपूसकट चमचाभर सूप तोंडात घातलं, डोळे गच्च मिटले आणि गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. मेघाली तोंडावर हात धरून हसली. मग वाडगा भरून घेऊन टेबलाशी बसली आणि एक गोळा चमच्याने कसाबसा फोडला.

"खूप वाईट झालंय," ती म्हणाली, आणि खात राहिली. वाडगा निम्मा झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "मला पुन्हा परीक्षेला बसायची भीती वाटते."

अशा प्रसंगासाठी प्रफुल्लरावांकडे जिद्द आणि चिकाटीवरचं एक भाषण कायम तयार असे. ते ओठांपर्यंत आलंही. पण समोर त्यांनीच केलेले गोळे होते, आणि त्यांच्या साक्षीने कुणाला शहाणपण शिकवायचं त्यांना धाडस झालं नाही.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "तू परत आल्यापासून तुझ्या दाराशी यायचीसुद्धा भीती वाटते. तू माझ्याशी बोलत नाहीस ना."

मेघालीने चमचा खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्हीच माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.