कवळीवाल्याचा पुरावा

“पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा.”

चर्चागटावर ‘घुबड’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी हे लिहिलं आणि कवळीवाल्यानं हातातला साचा टेबलावर आपटला. वाद सुरू झाला होता सिमकार्ड इतिहासजमा होणार का यावरून. तिथून तो फोनच्या करारांवर घसरला आणि ‘अमर्याद’ या शब्दाच्या अर्थावर येऊन अडला. कवळीवाला म्हणत होता, अमर्याद म्हणजे कंपनी आखेल त्या मर्यादेपर्यंत, असं करारात चक्क छापलंय. घुबड म्हणत होतं, थापा आहेत.

“जेवायला येताय ना?” बायकोनं दारातून विचारलं.

“थांब गं. एकाचे दात घशात घालतोय.”

“लोकांना दात लावायचे सोडून?”

दिवसभर दुसऱ्यांची तोंडं घडवणाऱ्या या माणसाला स्वतःचं तोंड मिटायची कला कधी साधली नाही. जिंकलेले वाद जमा, माणसं खर्ची, असा त्याचा जुना व्यवहार. शेवटचा मोठा वाद त्यानं धाकट्या मुलीशी जिंकला होता. ती बॅग उचलून गेली ती गेलीच. पत्ता नाही, फोन नाही. मात्र कधीतरी अनोळखी नंबरवरून या घरातल्या एकुलत्या मोबाइलवर रिंग येई. पलीकडून कुणी बोलत नसे. बायकोच मग भाजी काय केली, कुंडीतलं रोप कसं वाढलं, असलं काहीबाही सांगत राही. फोन बंद झाला की म्हणे, “आहे, बरी आहे.” पोरीला पाठ होता तो हाच एक नंबर. तो कधी बदलायचा नाही, असं नवराबायकोत न बोलता ठरलेलं.

त्यानं त्याच नंबराचा करार काढला. नाव आणि नंबरावर साच्याचं गुलाबी मेण दाबून बसवलं, कडा सुरीनं साफ केल्या. काम त्याचं नेहमीच चोख. फोटो टाकला.

“झाकलंय ना सगळं?” बायकोनं खांद्यावरून डोकावलं.

“आता तू शिकवणार मला?”

खालच्या कोपऱ्यातला काळ्या ठिपक्यांचा चौकोन तेवढा उघडा राहिला. आता दुकान नको, कार्ड नको, असा चौकोन दाखवला की नंबर दुसऱ्या फोनात जाऊन बसतो, हे गटाला सविस्तर समजावलं होतं ते यानंच.

घुबडाचं उत्तर लगेच आलं. “मानलं, काका. तुम्हीच बरोबर.”

“हा तुम्हाला काका कशावरून म्हणतोय?” बायको म्हणाली. “तुमचं वय कुठं माहीत आहे त्याला?”

“आदर म्हणतात त्याला. जेवायला वाढ.”

तो पोटभर जेवला. हरणारा इतका गोड हरला की जिंकणाऱ्याला झोप छान लागते. दुपारी तो उठला तेव्हा बायको फोन खिडकीपाशी उंच धरून उभी होती. “रेंजच नाही हो.”

“येईल. टॉवरचं काम असेल.”

संध्याकाळपर्यंत आली नाही. तेव्हा बायकोनं समोरच्या शिंपिणीचा फोन मागून आणला आणि आपलाच नंबर लावला. हातातला फोन मुका. पण पलीकडे रिंग वाजली. कुणीतरी उचललाही.

“कोण?” तिनं विचारलं.

“बोला ना.” तरुण, शांत आवाज. “तुम्ही आई का? मघाशी एका मुलीचा फोन आला होता. मी काही बोललोच नाही, तर तीच बोलायला लागली. ‘आई, मला न्यायला ये’ म्हणाली. पत्तासुद्धा दिलाय.”

“कुठला पत्ता? दादा, पाया पडते, सांगा...”

“बघू,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

कवळीवाला संगणकापुढे बसला. ‘मी चुकलो’ हे शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा टाइप केले. पाठवायला गेला, तर घुबड गटातून नाहीसं झालेलं. त्याचा एकही शब्द मागे उरला नव्हता. कवळीवाल्याची उत्तरं तेवढी एकाखाली एक उभी होती.

त्यानं मागं वळून पाहिलं. बायको चपला घालून, पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर उभी होती. रस्ता दोन्ही बाजूंना जात होता. ती एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे.