वैशाखात दाखवलेलं घर

मी आड बोलतोय. लातुरात सरजाबाईच्या घरामागं, लिंबाच्या सावलीत माझं तोंड आहे. पन्नास हात खोल आहे मी, आणि हे कुणी न विचारताही सांगतो. गर्व म्हणा हवं तर.

मला खणलं तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं. त्याच्या गावात आडाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. वरून कुणी ओतलं तर खाली ओंजळ धरायची. बौद्ध झाल्यावर त्यानं ठरवलं, घर एका खोलीचं चालेल, पण आड आपला हवा. वीस हातांवर काळा पाषाण लागला. लोक म्हणाले, सोड नाद. त्यानं पहार काही सोडली नाही. पाणी लागलं त्या दिवशी त्यानं घराला नियम घातला: इथं कुणी ओंजळीनं पिणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतले आड कोरडे पडले आणि माझ्या काठावर घागरींची रांग लागली. एरवी आमच्या दारावरून अंग चोरून जाणाऱ्या बायाही रांगेत होत्या. सरजाबाईनं कुणालाच अडवलं नाही. तेव्हा फुगलेली माझी छाती अजून उतरलेली नाही.

पुढं लिंबाजी गेला. लेक पंचशीला नांदेडला नर्स झाली. "आई, एकटी किती दिस राहशील? घर इकून ये," म्हणाली. त्याच साली लातूर जिल्हा झाला आणि बदलून आलेली माणसं घरं धुंडाळू लागली. माणिकप्पा दलालानं सल्ला दिला, "मावशी, घर इकायचं ते दिवाळीत. भिंतीला नवा चुना, लोकांच्या घरात सुगी आलेली."

दिवाळीत तिघे आले. तिघांनाही घर आवडलं. मग ओसरीवर बसून एकेकानं आडनाव विचारलं, चहा तसाच ठेवला आणि "कळवतो" म्हणून उठला. माझ्यात कुणी डोकावलंसुद्धा नाही. मला फार राग आला.

"आता पुढच्या दिवाळीला बघू," माणिकप्पा म्हणाला.

"न्हाई. वैशाखात दाखवा."

"लातुरात उन्हाळ्यात घर कोण दाखवतंय, मावशी? नळाला पाणी न्हाई. गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच पळंल."

"तहान लागू द्या की त्याला. घसा सुकला की जात इचारायला जीभ वळत न्हाई."

वैशाखातल्या भर दुपारी अमृतराव कारकून आले, धर्माबादहून बदलून आलेले. बरोबर बायको लक्ष्मीबाई. घर बघायच्या आधीच ती माझ्या काठावर टेकली. सरजाबाईनं पोहरा सोडला. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण लोकांनी आमच्यावरच रचलेली, आणि पाऊस तर आदल्या साली ओढ देऊन गेलेला. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पण पोहरा काठोकाठ भरून वर गेला.

लक्ष्मीबाईनं घाईघाईनं ओंजळ पुढं केली. सरजाबाईनं तांब्या भरला, पण हात आखडता घेतला.

"आधी ऐका, बाई. आमी बौद्ध हाव. मागून कळलं म्हणू नका."

बेत तिचाच, पण फसवून पाणी पाजणं तिला जमलं नाही. अमृतराव जमिनीकडं बघू लागले. लक्ष्मीबाईची ओंजळ तशीच राहिली.

"ओता की," ती म्हणाली.

"मी ओंजळीत न्हाई ओतायची. या घरात तांब्या हातात घेऊन पितात."

लक्ष्मीबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, ओंजळ मोडली आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला. ओठ लावून प्याली. मग तोच तांब्या भरून नवऱ्याच्या हातात दिला. महिनाभरात घर त्यांचं झालं.

निघायच्या दिवशी सरजाबाई माझ्या काठावर बसली. लक्ष्मीबाईनं विचारलं, "शेजारचे पाण्याला येतात. कुणाकुणाला भरू द्यायचं?"

"मी कधी इचारलं न्हाई," सरजाबाई म्हणाली आणि नांदेडची एसटी गाठायला निघाली.

आता शेजारी बोअर आहे, माझ्या तोंडावर लोखंडी जाळी आहे. जाळीबद्दल तक्रार नाही. फक्त माझ्यात कचरा टाकू नका. आणि दारात कुणी तहानलेलं आलं, तर तांब्या त्याच्या हातात द्या.