इनासच्या बोटीतला बाक

एक वाकडा खिळा.

मेणाचे वाळलेले थेंब. सगळे पांढरे, एकच निळा.

डिझेलचा वास, कितीही धुतला तरी न जाणारा.

कोणीतरी चाकूने कोरायला घेतलेलं आणि अर्धंच सोडलेलं नाव.

भेगेत अडकलेला एक चणा.

मित्रांनो, हे सगळं माझ्या अंगावर आहे. मी एक जुना बाक आहे. उत्तनला समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत एक दगडी क्रूस आहे, त्याच्यासमोर मी असतो. पण माझा जन्म बसस्टॉपवरच्या बाकांसारखा नाही. मी आधी बोटीत होतो. सुकाणूजवळची बसायची जागा म्हणजे मी. सागवानाची फळी कापून इनासने मला स्वतःच्या हातांनी बनवलं. तो बोटीचा मालक आणि तांडेलही. तो माझ्यावर बसून बोट हाकायचा, माझ्यावरच भाकरी खायचा, आणि बंदरातून बाहेर पडताना माझ्यावर बसूनच कपाळ, छाती, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण करायचा. ते माझे कष्टाचे आणि मानाचे दिवस होते. खलाशी म्हणायचे, "तांडेलाची खुर्ची हाय ती, बसू नको रं!"

मग एका डिसेंबरात समुद्र अचानक उसळला. बोट परत आली. खलाशी परत आले. इनास आला नाही.

(इथे माझ्यात एक भेग आहे. गोष्टही इथे थोडी तुटते.)

घरात बोट चालवणारं कोणी उरलं नाही. इंजिन एकाने नेलं, लाकूड दुसऱ्याने. इनासची आई आंतोनीबाय तेवढी माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. "ही फळी न्हाय देनार," ती म्हणाली. तिने मला दोन दगडांवर बसवून घेतलं, क्रूसासमोर.

सगळे माझ्यावर बसू लागले. इनासची बायको नातालीन मात्र बसत नव्हती. ती क्रूसाकडे फिरकतच नव्हती. किनाऱ्यावर बांबूच्या परातींवर, म्हणजे मासळी वाळत घालायच्या मांडवांवर, तिची बोंबील सुकवायची जागा होती, तिकडेही ती जाईना, कारण तिथे उभं राहिलं की समोर समुद्र दिसतो.

एके दुपारी आंतोनीबाय तिला हाताला धरून घेऊन आली.

"माझं त्याच्याशी भांडन हाय, आये," नातालीन क्रूसाकडे न बघता म्हणाली. "मना प्रार्थना न्हाय करायची."

"मंग भांड. पन हितं येऊन भांड. घरान बसून कोनाशी भांडतेस? भिंतीशी?"

म्हातारी निघून गेली. नातालीन उभीच राहिली. मग ती क्रूसाला म्हणाली, "होडीत झोपला होतास. उठलास आनि वादळ गप केलंस, असं आमाला बायबलातनं शिकवलंय. त्या दिवशी का न्हाय उठलास?"

मित्रांनो, मी लाकूड. मला उत्तर ऐकू आलं नाही. तिला आलं का, तेही मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. येऊन भांडायची, उभ्यानेच.

सुकी मासळी न्यायला गोडदेवहून वैजयंता यायची. केबिन रोडवर तिचं विकायचं ठिकाण. माल मिळाला की बसची वाट बघत ती माझ्यावर ऐसपैस बसायची. ती बौद्ध, पण क्रूसासमोर चपला बाजूला काढून ठेवायची.

"नातालीन, तुझ्या बोंबील सुकवायच्या जागेवर पुढच्या सीझनला दुसरी बाई बसणार म्हणतायत. मी गिऱ्हाइकाला काय सांगू? आणि किती महिने उभी राहणारेस? पाय दुखत नाहीत का गं?"

"तुज्यासारखी भारी असते तर दुखले असते."

"बघा! जीभ अजून जिवंत आहे बाईची."

मे महिना आला. मे महिन्यात या क्रूसासमोर रोज संध्याकाळी जपमाळ होते. रोज एका घराची पाळी. त्या घराने हार आणायचा, मेणबत्त्या आणायच्या, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. नातालीनच्या घराची पाळी आली. "मी न्हाय करनार," ती सकाळपर्यंत म्हणत होती, म्हणून तिने चणे भिजतच घातले नव्हते. दुपारी तिचं मन बदललं. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. न भिजवलेले चणे तिने तसेच कुकरला लावले.

जपमाळ झाली. चणे वाटले. सगळे चावू लागले. गल्लीभर नुसता कडकड आवाज.

"पोरी," आंतोनीबाय तोंडातला चणा बाहेर काढत म्हणाली, "मना दोन दात हायत. ते मी मरताना घेऊन जानार हाय."

आधी पोरं हसली, मग बायका. मग नातालीन हसली. इतकी हसली, की रडायला लागली, आणि रडता रडता बसली.

माझ्यावर.

बाजूची बाई जरा सरकली.

पावसाळा सरला, बोटी सुटल्या आणि नातालीन आपल्या जागेवर उभी राहिली. समोर समुद्र. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवत ती जोड्या परातीवर टाकत गेली. आता ती भांडत नाही असं नाही. भांडून झालं की मेणबत्ती लावते. परवा एका शेजारणीच्या नवऱ्याची बोट उशिरापर्यंत आली नव्हती. नातालीनने तिला हाक मारली, "ये, हितं बस," आणि बोट दिसेपर्यंत तिचा हात सोडला नाही. तिच्यात ही ताकद कुठून आली, ते क्रूसाला विचारा. मी फक्त वजन पेलतो.

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका. ऊन-पावसाने मी झिजलोय, जमलं तर वर्षाला एकदा तेलाचा हात फिरवा. आणि कोणी उभ्यानेच देवाशी भांडत असेल, तर त्याला गप्प करू नका. जरा सरका, जागा करा.

इनासने मला बोटीत बसवलं त्या दिवशी माझ्यावर सगळ्यांत आधी नातालीन बसली होती. बोट तेव्हा वाळूतच होती, तिला रंगही लागला नव्हता.