भिंतीत बसलेली हद्द

तुम्ही एकतर लबाड आहात, नाहीतर झाड आणि ओंडका यांतला फरक तुम्हाला कळत नाही. यातलं खरं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी हेक्टर गिलक्रिस्ट. अपर कॅनडाच्या या जंगलात चौदा नंबरचा तुकडा तुमच्या जमीन कचेरीनंच मला दिला. अट तुमचीच: पाच एकर झाडं तोडून खुंटांसकट जाळायची आणि सोळा बाय वीस फुटांचं घर बांधायचं, नाहीतर एक नोव्हेंबरला जमीन परत. पलीकडचा तुकडा चर्चसाठी राखून ठेवलेला. मधली हद्द म्हणजे तुमच्या मोजणीदारानं कुऱ्हाडीनं नंबर कोरलेला एक पाइन.

घर उभारायला सगळी वस्ती आली, रीतीप्रमाणे. व्हिस्की माझी, अंगमेहनत त्यांची. शेजारच्या लॉकलननं दुपारपर्यंत व्हिस्कीला पुरेपूर न्याय दिला आणि सगळ्यात सरळसोट झाड पाडलं. तोच तो पाइन. ओंडका दाराशेजारी बसवला, नंबर बाहेरच्या अंगाला.

"भावजी, ही हद्द होती ना?" इफीनं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"होती, वहिनी. आता भिंत आहे. नंबराची पाटी फुकटात झाली."

खुंट आम्ही जाळला. हुकूमच होता तसा.

सप्टेंबरात तुमचा तपासनीस आला. त्यानं भिंतीवरचा नंबर वाचला, मग नियमांचं पुस्तक वाचलं.

"नंबराचं झाड जिथं, तिथं हद्द. म्हणजे तुमचं अर्धं घर चर्चच्या जमिनीत आहे."

"साहेब, ते झाड आता आडवं आहे."

"उभं की आडवं, ते पुस्तकात लिहिलेलं नाही."

"मग तेवढा ओंडका काढून टाकतो."

"हद्दीची खूण हलवली तर तुरुंग. घर हलवा."

आम्ही घर हलवलं. खाली गोल लाकडं घातली, बारा बैल जुंपले आणि चाळीस पावलं आमच्या जमिनीत आत ओढलं. तपासनीस परत आला.

"हद्द चाळीस पावलं सरकली. अर्धं घर अजून चर्चमध्येच."

"आणि माझे बटाटे?"

"तेही चर्चचे."

त्या बटाट्यांवरच आमचा हिवाळा निघायचा होता. रात्री चुलीपाशी इफी म्हणाली, "अहो, घर आत नेलं की चर्चची जमीन वाढते ना? मग उलटं ओढा."

लॉकलन हसून हसून जमिनीवर बसला. पण बैल त्यानंच आणले. आम्ही घर उलट्या दिशेला दोनशे पावलं ओढलं. तुमच्याच पुस्तकानं बटाटे परत आले, वर चर्चचा ओढा आणि मेपलची राई आमची झाली.

आता तपासनीस म्हणतो, ही चोरी आहे, आणि भिंतीतलं झाड म्हणजे काही हद्द नव्हे. मी म्हटलं, तेवढंच कागदावर लिहून द्या, आज घर जागेवर नेतो. लिहून देत नाही. तसा अधिकार फक्त वरच्यांना आहे म्हणतो.

वरचे म्हणजे तुम्ही. पाच एकर साफ आहे. घर सोळा बाय वीस आहे, ओढून ओढून थोडं तिरकं झालंय. एक नोव्हेंबरला अकरा दिवस राहिलेत. लॉकलनचे बैल थकलेत आणि बायको मला रोज एकच प्रश्न विचारते. तोच तुम्हाला विचारतो, आणि उत्तर सहीशिक्क्यासह हवं: माझी जमीन कुठून सुरू होते?