आमचा संघ विकू

मी चादर बोलतेय. डबल बेडची, पांढरी, सुती, एका कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी चटका बसलेली. तुम्ही मला पाहिलंय. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर माझा फोटो आला होता आणि सगळं शहर मला हसलं होतं. चादरीच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी सहसा येत नाही. मला ती नकोच होती.

गिरणीतून माझ्यासारख्या हजारो निघाल्या. सेलच्या ढिगातून एका बाईने मला उपसलं, दोन बोटांत चिमटून पाहिलं आणि म्हणाली, "ही टिकेल." मग आठ वर्षं मी तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या पलंगावर काढली. सुट्टीच्या सकाळी दोघं छताकडे बघत पडायची आणि एकाच विषयावर बोलायची: पोरीचं काय करायचं?

पोरगी एकोणीस वर्षांची. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून लाँड्रीत कामाला लागलेली. दिवसभर इस्त्री करायची आणि डोकंही तितकंच तापलेलं, म्हणून सगळे तिला इस्त्रीच म्हणायचे. माझ्या कोपऱ्यातला चटका तिचाच. फोनवर मॅच बघत होती, पेनल्टी हुकली, आणि मी भाजले.

त्या लाँड्रीत शहराच्या फुटबॉल संघाचे कपडे धुवायला यायचे. म्हणून इस्त्रीची मतं इतरांसारखी टीव्हीवरून उचललेली नव्हती. ती बादलीतून आलेली होती.

"नऊ नंबरच्या शर्टाला माती लागत नाही," ती आईला सांगायची. "नव्वद मिनिटं खेळून परत येतो आणि शर्टाला अत्तराचा वास! चार नंबरचा बघ. कोपर, गुडघे, पाठ, सगळं हिरवं. दोनदा भिजवावा लागतो. त्याला बसवतात बाकावर आणि या ठोकळ्याला करतात कप्तान. का? तर मालकाचा भाचा."

"तुला काय करायचंय गं?" आई म्हणायची.

"मग कोणी करायचं?"

शहरात पूर्वी बास्केटबॉलचाही संघ होता. त्याचेही कपडे याच लाँड्रीत यायचे. तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी गाठोडं आलंच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की मालकाने संघ दुसऱ्या शहराला विकला. त्यांच्या हॉलमध्ये आता सोफे विकतात. तेव्हा वडीलधारे म्हणाले, "जाऊ दे, फुटबॉल आहे ना." इस्त्री तेव्हा सोळा वर्षांची होती. ते वाक्य तिने कधी माफ केलं नाही.

आणि आता फुटबॉलची पाळी आली. मालकाने टीव्हीवर सांगितलं, "गिऱ्हाईक आलंय. पण मी लोकांचं ऐकणारा माणूस आहे. शनिवारच्या सामन्यात लोक काय म्हणतात ते बघतो आणि ठरवतो."

शुक्रवारी दुपारी इस्त्रीने मला पलंगावरून ओढलं.

"अगं, निदान जुनी तरी घे!" आई दारात आडवी.

"जुनीला भोकं आहेत. अर्धी अक्षरं वाऱ्यावर जातील."

गच्चीवर तिने मला अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि निळ्या तैलरंगाने लिहायला बसली. एकेक अक्षर हातभर. आधी पेन्सिलने आखलेलं, मग भरलेलं. रंग माझ्या सुतातून आरपार गेला. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. आठ वर्षं लोक माझ्यावर नुसते लोळले होते. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी गुडघे टेकून बोलत होतं. चार शब्द होते:

आमचा संघ विकू नका

शनिवारी लाँड्रीवाल्या मावशीने तिला मध्यांतरापर्यंत सोडायला नकार दिला. हॉटेलचे टेबलक्लॉथ पडले होते. म्हणून तिने मला घडी करून काकांच्या हवाली केलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, संघाच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. सव्वीस वर्षांपूर्वी संघाने चषक जिंकला तेव्हा ते मैदानात उतरून नाचले होते. त्यानंतर त्यांनी दुसरं काही केल्याचं मला तरी आठवत नाही.

"काका, पूर्ण ताणून बांधा हं. स्टँडच्या कठड्याचं माप घेतलंय मी. बरोबर बसते."

"अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून फलक बांधतोय मी."

कठड्यावर मंडळाचा स्वतःचा फलक आधीच लागला होता. 'अध्यक्ष व सर्व सदस्यांकडून हार्दिक शुभेच्छा', वर काकांचा फोटो, डोळ्यांवर काळा चष्मा. मला पूर्ण ताणलं की माझ्या शेवटच्या टोकाने काकांचा हनुवटीपासून खालचा भाग झाकला जात होता.

"काढू का हा?" खजिनदारांनी विचारलं.

"हा कसा काढायचा? हिलाच दुमड थोडी."

"शेवटचा शब्द आत जातोय."

"जाऊ दे. भावना पोचल्याशी कारण."

आणि मला दुमडलं. माझा 'नका' त्या घडीच्या आत, अंधारात, काकांच्या हनुवटीखाली. मी ओरडले असते, पण चादरीचं तोंड कुठे असतं?

आता मराठीची गंमत बघा. आपण सगळं बोलून होईपर्यंत नकार राखून ठेवतो. शेवटचा शब्द कापला की माणूस नेमकं उलटं बोलतो. मैदानभर मी वाऱ्यावर फडफडत होते: आमचा संघ विकू.

आधी समोरच्या स्टँडमधले पाहुणे हसले. मग त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला सुरुवात केली, "विकू! विकू! विकू!" कॅमेरा वळला. मी मोठ्या पडद्यावर आले. मालक आपल्या काचेच्या खोलीत उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. मला, एका चादरीला.

इस्त्री आली तेव्हा संघ तीन गोलांनी मागे होता. पायऱ्या चढत ती माझ्यापर्यंत पोचली आणि एका झटक्यात तिने घडी उलगडली.

"अगं ए, फोटो झाकतोय!" काका म्हणाले.

"काका, काय केलंत हे? वाचता येत नाही तुम्हाला?"

"चारचौघांत आवाज चढवू नकोस. सगळ्यांना कळतं आपल्याला काय म्हणायचंय ते."

"कोणाला कळतं? ऐका, काय ओरडतायत!"

काकांनी ऐकलं. मग चष्मा नीट केला आणि म्हणाले, "पोरं आहेत. मजा करतात."

कॅमेरा केव्हाच दुसरीकडे वळला होता. उरलेली वीस मिनिटं तिने मला दोन्ही हातांनी ताणून धरलं. दोरी असूनही. कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने वर्तमानपत्र उंचावून दाखवलं. "लोकांचा निरोप मिळाला," तो म्हणाला, आणि पत्रकार हसले.

इस्त्री मला काखोटीला मारून वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. काउंटरवरच्या माणसासमोर तिने मला अख्खी उलगडली. टेबल, खुर्ची, त्याचा चहा, सगळं माझ्याखाली.

"वाचा. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. "बरोबर आहे तुमचं. पण ताई, आम्ही दिसलं तेवढं छापलं. यात खोटं काय?"

मग ती मंडळाच्या बैठकीत गेली. नऊ म्हातारे, एक पंखा. ती म्हणाली, "मंडळाच्या कागदावर चार ओळी लिहून द्या, की फलक चुकीचा बांधला गेला. करार गुरुवारी आहे. तुमच्या सहीला मालक नाही म्हणू शकणार नाही. माझ्या सहीला कोण विचारतं?"

नऊ जण नऊ दिशांना बघायला लागले.

"लेखी म्हणजे..." खजिनदार म्हणाले. "मालकांनी आपल्याला आजीव पास दिलेत, पोरी. बरं दिसेल का?"

"कसले पास? संघ गेल्यावर काय बघणार, गवत?"

"काही म्हण, मान ठेवलाय त्यांनी आमचा."

"आणि चूक झाली असं लिहून दिलं," काका हळूच म्हणाले, "तर चूक कोणाची ते विचारतील ना."

इतकंच होतं. एका माणसाच्या हनुवटीपायी शहराचा संघ गेला, असं मी म्हणत नाही. मालक विकणारच होता, त्याला निमित्त हवं होतं. पण ते निमित्त खोडायला चार ओळी पुरल्या असत्या, आणि त्या चार ओळींना माझ्यासारखा चटका लागला होता की काय, नऊपैकी एकानेही हात पुढे केला नाही.

"तुम्ही संघावर प्रेम करत नाही," इस्त्री उठता उठता म्हणाली. "तुम्ही तुमच्या तरुणपणावर करता. संघ फक्त त्यात होता."

घरी वडील म्हणाले, "गेला तर गेला. कॉलेज सोडलंस तेव्हा इतकं रडली नव्हतीस."

"कॉलेज माझं नव्हतं, बाबा."

गुरुवारी करार झाला. शुक्रवारी चार नंबरने निवृत्ती जाहीर केली, नऊ नंबर नव्या शहरात कप्तान झाला.

आज रविवार. मी गच्चीवर आहे, धुऊन पालथी अंथरलेली. माझी दुसरी बाजू कोरी आहे, फक्त आरपार आलेला निळा रंग उलट्या अक्षरांत दिसतो. इस्त्री गुडघ्यांवर बसली आहे. कुंचला बुडवलेला, हात हवेत. अर्धा तास झाला. मला कळतंय ती का थांबली आहे. लिहायचं कोणासाठी? मैदानाला कुलूप आहे, मालक गेलाय, मंडळ चहा पितंय.

पोरी, मी कापड आहे. माझ्यावर माणसं निजतात आणि उठून जातात, मला राग धरायची सवय नाही. पण तुझा हात असा हवेत बघवत नाही. शिवी लिही. काकांचं नाव लिही. चुकीचं लिही, वाकडं लिही, मावणार नाही इतकं मोठं लिही. पलंगावर परत पाठवू नकोस मला, एवढंच. तिथे लोक छताकडे बघत तुझं काय करायचं ते ठरवतात.

जिन्यातून आईची हाक आली, "अगं, चादर वाळली असेल तर आण खाली!"

ती ओ देत नाहीये. डब्यातल्या रंगावर साय धरू लागलीय. घाई कर, पोरी.