सतरा नंबरचं पिंप

एकोणीसशे एकाहत्तर साल. बिअरच्या कारखान्याच्या तळघरात त्या सकाळी सतरा नंबरचं लाकडी पिंप चाखायचं होतं. तीन वर्षं मुरवलेली आंबट बिअर. चाखायचं काम तिचं. कामगार तिला जीभबाई म्हणत.

तिने घोट तोंडात घोळवला. अशा बिअरला आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा यायचा, मागून जुन्या कपाटाचा वास, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित तुरट काहीतरी रेंगाळायचं. आज आंबटाने थेट घशाला चावा घेतला. निव्वळ व्हिनेगर.

"गेलं," ती म्हणाली.

पिंप भरलं होतं तिच्या नवऱ्याने. त्याला जाऊन अकरा महिने झाले होते. त्याच्या जागी आलेल्या मुकादमाच्या जिभेला हाड नव्हतं.

"शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे. बूच ढिलं राहिलं असणार," तो मालकांना म्हणाला. "त्यांनी भरलेली बाकीची सहा तरी काय वेगळी निघणार? आजच गटारात सोडू, जागा तरी मोकळी होईल."

ती सहा अजून दोन वर्षं उघडायची नव्हती. मध्येच हवा लागली तर बिअर नासते, त्यामुळे चाखून खात्री करायचीही सोय नव्हती. मालक मान हलवणार, एवढ्यात ती बोलली.

"बूच त्यांनी पक्कंच ठोकलं होतं, मालक. मी काढत होते. रोज."

"रोज? कशाला, वहिनी?"

"वासासाठी."

नवरा कामावरून आला की त्याच्या सदऱ्याला हाच वास असे. तो गेल्यावर धाकट्या नणंदेने घर आवरताना तो सदरा चांगला दोनदा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. त्याच्या हातच्या पिंपांत तेवढं सतराच पुरतं मुरत आलेलं. दुपारी सगळे जेवायला वर गेले की ती बूच काढून नाक लावायची. हवा काय करते हे तिला का ठाऊक नव्हतं? पण आजच्यापुरतं, असं ती रोज म्हणायची.

मुकादम हसणार होता. मालकांचा चेहरा पाहून आवरला.

"किल्ली द्या, वहिनी," मालक हळूच म्हणाले. "सहा पिंपं राहतील."

तिने तळघराची किल्ली पिंपावर ठेवली आणि त्या दिवसापासून ती बाटल्या धुवायला बसली.

दोन वर्षांनी ती सहा पिंपं उघडली, तेव्हा मालक स्वतः पेला घेऊन तिच्याकडे आले. तिने घोट घेतला, डोळे मिटले. "सफरचंद," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कपाट." मालकांनी त्यातली एक बाटली तिला दिली.

पुढे मालक गेले, मुलांनी कारखाना विकला. मुकादमाने स्वतःचं दुकान थाटलं. तिच्या नवऱ्यासारखं बूच ठोकणारा पुन्हा पाहिला नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती ब्याऐंशी वर्षं जगली, एकटीच. तिच्यामागे घर आवरायला पुन्हा नणंदच आली. कपाटात बाटली सापडली. बूच जिथल्या तिथे होतं.

या खेपेला नणंदेने काही धुतलं-पुसलं नाही. धुळीसकट बाटली उचलून ती घरी घेऊन गेली.